नऊ लिटर

फिल्टर दुरुस्त करणारा माणूस ओट्याखाली कमरेपर्यंत शिरला होता आणि बाहेर राहिलेले त्याचे पाय बोलण्याच्या तालावर हलत होते. ती चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आठ वाजून गेले होते. दुपारी तीनला बैठक होती आणि त्याआधी तिला एकदा शांतपणे सगळे कागद चाळायचे होते. खरं म्हणजे चाळण्यासारखं काही उरलं नव्हतं. तीन वर्षं ती त्या आराखड्यात मान खाली घालून बसली होती आणि आज त्यावर फक्त सह्या व्हायच्या होत्या. वाऱ्याच्या आणि उन्हाच्या विजेने पाणी फोडायचं, त्यातून हायड्रोजन काढायचा, आणि आसपासचे जे कारखाने आजवर गॅस नि कोळसा जाळत आले त्यांना तो पाइपातून पुरवायचा. त्यासाठीच्या सहा जागा तपासून तिने त्यांतली एक वर काढली होती. शेजारणीला तिने एकदा हे असंच थोडक्यात सांगितलं, तेव्हा शेजारीण म्हणाली होती, "म्हणजे पाणी जाळायचं म्हणा की!" त्यावर तिला हसू आलं होतं, आणि तसं पाहिलं तर ते चूकही नव्हतं.

"मेम्ब्रेन गेलंय बाई तुमचं," ओट्याखालून आवाज आला. "नळाला पाणी बारीक येत होतं ना? येणारच. सगळं मागच्या नळीतून चाललंय."

"मागच्या कुठल्या?"

तो मागे सरकत बाहेर आला, केसांवरची जळमटं झटकली आणि दोन भांडी मागून घेतली. एका भांड्यात पिण्याच्या पाण्याची नळी सोडली, दुसऱ्यात एक पांढरी, बारीक नळी, जी इतकी वर्षं सिंकच्या मागे कुठेतरी जात होती आणि जिच्याकडे तिने कधी पाहिलं नव्हतं. दुसरं भांडं भरून वाहू लागलं तेव्हा पहिल्यात जेमतेम चार बोटं पाणी होतं.

"हे काय, एवढं वाया जातं?"

"आता जास्त जातंय. नवीन बसवलं तरी एक ग्लास तुम्ही पिणार नि दोन गटारात जाणार. पाणी शुद्ध करायचं तर घाण कुठेतरी मागे राहणारच ना बाई? ती काय हवेत उडून जाते?"

जिना उतरताना पायऱ्या संपलेल्या असतात आणि पाय मात्र आणखी एक पायरी धरून पडतो, तसं तिचं झालं. एक किलो हायड्रोजनला नऊ लिटर पाणी. तिच्या तक्त्यात सहाही जागांपुढे नऊ होतं. आणि ते नऊ लिटर शुद्ध पाणी होतं, इतकं शुद्ध की त्यात क्षाराचा कणही चालत नाही. ते शुद्ध करताना जे मागे टाकावं लागेल ते तक्त्यात कुठे होतं? यंत्रं तापतात, ती गार ठेवायला जे पाणी लागतं आणि वाफ होऊन निघून जातं, ते कुठे होतं? ती डोळ्यांपुढे तक्ता उघडून एकेक ओळ खाली उतरू लागली. प्रत्येक ओळ तिला पाठ होती, म्हणून ते कुठेच नाही हे कळायला वेळ लागला नाही. "असेल की," ती म्हणाली. त्या माणसाने विचारलं, काय असेल? "काही नाही. नवीन बसवून टाका," ती म्हणाली आणि चहा तसाच ओतून दिला.

कार्यालयापर्यंत ती रोज चालत जाई, वीस मिनिटं, एक पूल आणि दोन सिग्नल. आज पुलाच्या मध्यावर पोचल्यावर तिला जाणवलं की आपण घराला कुलूप लावल्याचं आठवत नाही. फिल्टरवाला तरी गेला होता का? गेला होता, जाताना त्याने कार्ड ठेवलं होतं. नऊ हा आकडा तिला पहिल्यांदा भेटला तो दिवस मात्र स्वच्छ आठवत होता. शाळेचा वर्ग, खिडक्यांच्या काचा त्यांच्याच गावच्या कारखान्यातल्या, किंचित हिरवट. विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर पाण्याचे दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन काढले, दोन अधिक सोळा अठरा, आणि विचारलं, आता एक किलो हायड्रोजन हवा तर पाणी किती? अठराला दोनांनी भागायचं, एवढंच होतं, पण तिला ते कुणी सांगितलं नव्हतं, ते तिच्या आत आपोआप झालं होतं, आणि "नऊ" म्हणताना तिला पहिल्यांदाच वाटलं होतं की जगाच्या आत कुठेतरी सगळं नीट लावून ठेवलेलं आहे आणि आपल्याला त्या कपाटाची किल्ली मिळाली आहे. नऊ खोटं नव्हतं. आजही खोटं नव्हतं. फक्त ते रेणूच्या आतलं खरं होतं. तिथे नळ्या नसतात, गाळ नसतो, उन्हाळा नसतो. पुलाखालून नदी आपल्या तंद्रीत चालली होती, मागून एक सायकलवाला घंटी वाजवत होता आणि ती बाजूला व्हायचं विसरून रस्त्याच्या मध्येच उभी होती.

त्यांच्या कार्यालयात एक रीत होती. जो आकडा अजून पक्का नाही, कुठून तरी उचलून तात्पुरता बसवला आहे, त्याचा चौकोन पिवळा करायचा. पिवळा म्हणजे उसना. पक्का आकडा मिळाला की रंग काढायचा. ही रीत तिनेच सुरू केली होती आणि नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी तीच त्याला ती समजावून सांगे. पहिल्या वर्षी तिच्या तक्त्यात असे एकतीस चौकोन होते. शेजारच्या टेबलावर नकाशे करणारा गृहस्थ, ज्याला सगळे नकाशेवाले म्हणत, रोज सकाळी तिच्या पडद्याकडे बघून विचारायचा, "काय म्हणते रुग्णाची कावीळ?" ती एकेक करून चौकोन पांढरे करत गेली, विजेचा दर, पाइपांची जाडी, वाऱ्याचे तास. प्रत्येकासाठी फोन, पत्रं, कुणाच्या तरी दारात तासन्‌तास बसणं. मग दुसऱ्या वर्षी, पहिल्या आलेल्या गावात, जनसुनावणी ठरली, तक्ते छापायचे होते, आणि पिवळ्यावर छपाई गिचमिड दिसत होती. तेव्हा तिनेच नकाशेवाल्यांना सांगितलं होतं, "एकजात सगळा रंग काढून टाका हो, आता काही उरलेलं नाही." एक उरला होता. तो तिने का बदलला नाही हे तिला आता, जिना चढता चढता, कळत होतं. बाकीचे तीस आकडे उसने दिसत होते. हा एकच घरचा वाटत होता.

जुनी प्रत सापडली तेव्हा कार्यालयात अजून कुणी आलं नव्हतं, सफाईवाल्या मावशी कचऱ्याच्या पिशव्या बांधत होत्या. पहिल्या वर्षीचा तक्ता, तिसरं पान, आणि चौकोन चांगला ठसठशीत पिवळा. तिने यंत्रं बनवणाऱ्यांची माहितीपत्रकं काढली, नदीच्या गढूळपणाचे अहवाल काढले, गार ठेवायचा हिशेब मांडला. दोनदा केला, दुसऱ्यांदा उलट्या बाजूने. किलोला सत्तावीस लिटर. तिप्पट. रोज ब्याऐंशी हजार किलो हायड्रोजन म्हणजे साडेसात लाख लिटरच्या जागी बावीस लाख. भर उन्हाळ्याचे अडीच महिने, पिण्याचं पाणी राखून, गावची नदी जास्तीत जास्त पंधरा लाख देऊ शकत होती. तिने नवा आकडा घातला आणि सहा जागांचा क्रम तिच्या देखत बदलला. गाव पहिल्यावरून तिसऱ्यावर गेलं. आवाज काही झाला नाही, नावं फक्त वरखाली सरकली.

हे तिचं गाव होतं. जागा निवडताना तिने ते कुठे डोकावू दिलं नव्हतं. उलट गावाला गुण देताना हात आखडता घेतला होता, दोनदा दुसऱ्याकडून तपासून घेतलं होतं, आणि तरीही गाव पहिलं आलं तेव्हा दार लावून घेऊन ती एकटीच हसली होती. गावात काचेचा कारखाना. वडील तिथे भट्टीवर होते, आता दादा होता. काचेची भट्टी एकदा पेटवली की पंधरा वर्षं विझवत नाहीत. विझली तर आतली काच थिजते आणि भट्टीचा दगड होतो. दादाची भट्टी तेरा वर्षांची झाली होती. मालकांनी लिहून दिलं होतं की हायड्रोजन येणार असेल तरच नवी बांधू, नाहीतर ही शेवटची. चारशे माणसं. लहानपणी घराची एक भिंत बाराही महिने कोमट वाटायची. ती भट्टीमुळे असं दादा सांगायचा आणि तिला ते खरं वाटायचं, जरी भट्टी पाऊण मैल लांब होती. कितीतरी वर्षांनी, कॉलेजात उष्णतेचं वहन शिकताना, तिला वर्गात एकदम हसू फुटलं होतं आणि प्राध्यापकांनी कारण विचारलं होतं.

जनसुनावणीला दादा पहिल्या रांगेत बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. लोक कुरकुरत होते, पाणी जाईल, स्फोट होईल, तेव्हा तो उठून हॉलकडे वळून म्हणाला होता, "माझ्या बहिणीने मोजलंय. ती लहानपणी माझ्या ग्लासातलं दूध पट्टी लावून मोजायची, आपल्यापेक्षा जास्त आहे का म्हणून. तिच्या हातून चूक होत नसते." लोक हसले होते. मग मागून एक बाई उठली होती, नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या वस्तीची व्हॉल्व्हवाली. वस्तीच्या टाकीचं पाणी कुठल्या गल्लीला किती वेळ सोडायचं ते तीच ठरवी. "दिवसाला किती घेणार तेवढं सांगा," ती म्हणाली. "साडेसात लाख लिटर," हिने सांगितलं, आणि वर, समजुतीच्या सुरात, "तुम्हाला कळणारही नाही इतकं कमी." व्हॉल्व्हवालीने आकडा तळहातावर पेनने लिहून घेतला आणि खाली बसली. त्या समजुतीच्या सुराची आता तिला कानामागे आग होत होती. आकड्यापेक्षा जास्त.

"अहो, चेहरा असा काय? सह्या आहेत आज, सुतक नाही," नकाशेवाले पिशवी टेबलावर ठेवत म्हणाले.

तिने पडद्यावरचा चौकोन दाखवला.

"नऊ. बरोबर आहे की. मलाही पाठ आहे, आणि मी तर भूगोलवाला."

"हा पिवळा होता."

ते वाकून पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "मी काढला."

"मी काढायला सांगितला. खरा आकडा सत्तावीस आहे."

ते खुर्चीत बसले, स्वतःच्या नाही, तिच्या. ती उभी होती म्हणून ती रिकामी होती. बराच वेळ ते टेबलावरच्या कागदी रुमालाच्या चाराच्या आठ घड्या करत राहिले. "हे बघा," शेवटी ते म्हणाले, "आज सह्या होऊ द्या. महिन्याभरात दुरुस्तीपत्रक काढू. कुठल्या आराखड्याला निघत नाही? माझ्या मागच्या नकाशात एक अख्खं तळं डोंगरावर चढलं होतं, कुणाचं काय वाकडं झालं?"

"महिन्याभरात पाइपांची मागणी गेलेली असेल. मग कोणी मागे फिरणार नाही."

"तेच तर म्हणतोय."

"मीही तेच म्हणतेय."

"हो," ते म्हणाले. "फक्त तुम्ही ते त्या वस्तीच्या बाजूने म्हणताय आणि मी तुमच्या भावाच्या." मग उठून खुर्ची तिच्याकडे सरकवली. "मी कुणाला बोलणार नाही. तुम्ही काय करायचं ते करा. पण डबा खाऊन करा, रिकाम्या पोटी माणूस फार प्रामाणिक होतो."

डबा तिने उघडला नाही. बाराला दादाची जेवणाची सुट्टी होते हे तिला माहीत होतं. ती मागच्या जिन्यात गेली, जिथे फोनवर बोलायला आणि रडायला लोक येतात, आणि त्याला फोन लावला. मागे भट्टीचा तो अखंड घरघराट होता, जो तिला गावाचा आवाज वाटायचा.

"काय गं, झाल्या का सह्या? इथे सगळे मला पेढेवाला म्हणायला लागलेत."

"दादा, आकडा चुकलाय."

"कुणाचा?"

"माझा. पाण्याचा. तिप्पट लागणार आहे."

घरघराट तसाच चालू होता. तो बाहेर चालत गेला असावा, कारण आवाज हळूहळू मागे पडला आणि शेवटी नुसता वारा ऐकू आला.

"मग?" तो म्हणाला.

"मग गाव तिसऱ्यावर जातं."

"कुणाला कळलंय?"

"मला. आणि एकाला."

"आणि आता मला. मला का सांगतेस?"

सांगायला हवं म्हणून, असं ती म्हणाली, पण तिचं तिलाच ते पटलं नाही.

"सांगायला नाही, विचारायला फोन केलायस तू," दादा म्हणाला. तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. "लहानपणी असंच करायचीस. चूक करून यायचीस आणि आईला सांगू का म्हणून मला विचारायचीस, म्हणजे मार पडला तर दोघांना. हे बघ, मला विचारू नकोस. विचारलंस तर मी गप्प बस म्हणेन. माझ्यामागे चारशे घरं आहेत, मी दुसरं काही म्हणूच शकत नाही. म्हणून विचारूच नकोस."

"दादा—"

"ठेव."

तिने ठेवला नाही, त्यानेच ठेवला. जिन्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचा एक बाई पुसत असलेला काचेचा पट्टा दिसत होता. काच कुठून आली असेल, ती कुठल्या भट्टीत वितळली असेल, असले विचार तिला एरवी कुठेही यायचे. आज नुसती ती बाई दिसत राहिली, वरून खाली, वरून खाली. तिला वाटलं, दादा निदान म्हणाला असता की तू केलंस ते बरोबर. मग वाटलं, अजून केलंय कुठे. पाय थोडे गार पडले होते. हे भय होतं हे ओळखायला तिला वेळ लागला, कारण ती ज्याला भय समजत आली होती ते नेहमी परीक्षेचं असायचं, उत्तर येत नसल्याचं. उत्तर येत असल्याचं हे पहिलंच.

तीनच्या बैठकीत नऊ जण होते. प्रमुख मॅडमनी चष्मा लावून पहिलं पान उलटलं तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली की तिसऱ्या पानावरचा पाण्याचा आकडा चुकीचा आहे, तो मी घातला आहे, तपासायचा राहिला, रंगही मीच काढायला लावला. एवढं तिने घोकून ठेवलं होतं. पुढचं घोकलं नव्हतं, त्यामुळे ते जास्त नीट आलं. मॅडम निवृत्तीला चार महिने राहिलेल्या, करड्या केसांच्या, आणि हा आराखडा त्यांचा शेवटचा होता. त्यांनी चष्मा काढला.

"तुला हे कधी कळलं?"

"आज सकाळी."

"कसं?"

"घरचा पाण्याचा फिल्टर बिघडला."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यात बदललं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिसरं पान उघडलं आणि त्या म्हणाल्या, "मी ह्या पानावर चारदा सही केलीये. मलाही नऊ खरं वाटलं." सह्या सहा आठवडे पुढे गेल्या. त्या मुदतीत गावासाठी पाण्याचा दुसरा पक्का स्रोत दाखवता आला तर क्रम पुन्हा बघू, नाहीतर पहिली जागा बदलेल, असं ठरलं. "गावाला कोण सांगणार?" मॅडमनी विचारलं, आणि तो प्रश्न नव्हताच. "मी जाते," ती म्हणाली. नकाशेवाल्यांनी टेबलाखालून तिच्याकडे एक बिस्किटाचा पुडा सरकवला.

गाव चार तासांवर. शनिवारी ती बसने गेली, आणि त्याच हॉलमध्ये, या खेपेला अर्ध्याच भरलेल्या, तिने सगळं सांगितलं. लोकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. एक जण म्हणाला, शिकलेल्या पोरीला गावाचं बरं बघवत नाही. दुसऱ्याने त्याला खाली बसवलं, पण ते वाक्य काही खाली बसलं नाही. व्हॉल्व्हवाली आली होती. तिने नवा आकडा विचारला, या वेळी वहीत लिहिला आणि एवढंच म्हणाली, "बरं झालं आधी सांगितलंत. मागाहून सांगणारे पुष्कळ भेटतात." दादा आला नव्हता. त्याची पाळी होती म्हणे.

संध्याकाळी घरी वहिनीने दार उघडलं, तिला जवळ घेतलं आणि कानात म्हणाली, "दोन दिवस भिंतीशी बोलतायत. तू मनाला लावून घेऊ नकोस, जेवताना मीठ मागतील तेव्हा समज राग उतरला." जेवण वहिनीच्याच बोलण्यावर पार पडलं. तिने आपल्या बहिणीच्या लग्नाची गोष्ट सांगितली, शेजाऱ्यांच्या कुत्र्याची सांगितली, मग तीही दमली. दादा ताटात बघून जेवत होता. त्याच्या हातांवर भाजल्याचे जुने पांढरे ठिपके होते, वडिलांच्या हातांवर होते तसेच, तिथेच. तिला वाटलं आपण क्षमा मागावी, पण कशाची? चुकीची मागितली तर सांगितल्याचीही मागितल्यासारखं होईल. ती भाताचे कण बोटाने गोळा करत राहिली. वहिनीने वाढलेलं सगळं आळणी होतं, मुद्दाम केल्यासारखं, आणि दादाने मीठ मागितलं नाही.

हात धुताना, नळाकडे तोंड करून, तो म्हणाला, "गावाचं सांडपाणी किती असेल गं?"

"काय?"

"सांडपाणी. आंघोळीचं, धुण्याचं. आमच्याकडे भट्टीभोवतालची यंत्रं गार ठेवायला तेच तेच पाणी फिरवतात. फुटकी काचसुद्धा टाकत नाही, पुन्हा भट्टीत घालतो. तुमच्या त्या यंत्रांना नदीचंच पाहिजे, असं कुठे लिहिलंय?"

आकडा तिच्या जिभेवर आला होता. गावची वीस हजार लोकसंख्या, माणशी इतकं, त्याचे ऐंशी टक्के, तोंडी झालंसुद्धा. तिने ओठ मिटले. "माहीत नाही," ती म्हणाली. "मोजावं लागेल."

"मग सकाळी चल."

गावाचा मोठा नाला गावाबाहेर, नदीला मिळायच्या आधी, शंभरेक पावलं सरळ सिमेंटच्या पाटातून जातो. उन्हाळा नुकता लागला होता, सकाळचे सात, आणि वास असा की दोघांनीही पहिली पाच मिनिटं तोंडाने श्वास घेतला. दादाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काठी घेऊन सरळ पाटात उतरला. "लोक म्हणतील, प्रकल्प हातचा गेला आणि भाऊबहीण गटारात उतरली," तो म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता, पण हे तिलाच म्हणाला होता. रुंदी साठ सेंटिमीटर. खोली, तीन ठिकाणी काठी टेकवून, दहा. तिने काठावर दहा मीटरवर खडूने दोन रेघा मारल्या. अर्धी वाळू भरलेली प्लास्टिकची बाटली तो वरच्या अंगाला सोडणार, ती पहिल्या रेघेपाशी आली की तिने घड्याळ चालू करायचं आणि दुसरीपाशी बंद.

"टाकू?"

"टाक."

पंचवीस सेकंद. पुन्हा. सव्वीस. पुन्हा, पंचवीस. वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जरा जोरात धावतं, तेवढं तिने वजा केलं. "सेकंदाला एकोणीस लिटर," ती म्हणाली.

"आणि लागतं किती?"

"नदी देईल त्याच्या वर, साधारण आठ. पण हे घाण आहे, याचं मागे जास्त टाकावं लागेल. तेव्हा बारा ध—" ती थांबली. "नाही धरत. तेही काढावं लागेल."

दादा काठीवर भार देऊन उभा होता. "म्हणजे पुरतं तर."

"हे सकाळचं आहे. आत्ता सगळं गाव मोरीत आहे. दुपारी कमी होईल, रात्री तर सुकंच. दर तासाला मोजायचं, रोज, निदान दोन आठवडे. आणि हे पाणी आज खाली नदीत जातं, ते काढलं तर वस्तीपाशी नदी तेवढी बारीक होईल. तेही बघायला हवं."

"तू कुणाच्या बाजूची आहेस गं?" तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता बाटली उचलून पुन्हा वर गेला. त्याची पाठ तिला दिसत होती. पोक यायला लागलं होतं, हे तिने आज पाहिलं. सहा आठवड्यांत हे आकडे जुळले नाहीत तर हा माणूस एका सकाळी भट्टीचा गॅस हळूहळू कमी करत नेईल, दहा दिवस लागतात म्हणे त्याला, आणि मग बंद करेल, आणि ते त्याला स्वतःच्या हातांनी करावं लागेल. तिला हे माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. तो वरून ओरडला, "टाकतो बघ!" आणि बाटली पाण्यात पडली.

ती झपाट्याने आली. पहिली रेघ, दुसरी रेघ. तिने घड्याळाकडे बघितलं, विश्वास बसेना म्हणून पुन्हा बघितलं. सोळा सेकंद. पाणीही काठावर दोन बोटं चढलं होतं. म्हणजे एकोणिसाचे निदान पस्तीस, जास्तच. तिने पेन वहीवर टेकवलं.

"किती?" दादा धावतच खाली आला होता.

"सोळा."

त्याचा चेहरा उजळला, अगदी लहानपणीसारखा, आणि तसाच क्षणभर राहिला. मग तो पाण्याकडे बघू लागला. पाण्यावर पांढरा, जाड फेस येत होता, वळवळत, चकाकत.

"लिहू नकोस," तो म्हणाला.

तिने वर बघितलं.

"लाँड्रीने टाकी सोडली असणार. वर, इस्पितळाची लाँड्री आहे. हे काय रोजचं पाणी नाही." त्याने बाटली काठीने काठाशी ओढून घेतली आणि बाहेर काढून झटकली. "हे जाऊ दे. मग पुन्हा टाकू."

तिने पेनाचं टोपण लावलं. फेस सरेपर्यंत दोघं पाटाच्या काठावर उभी राहिली.